छत्रपती, प्रतिनिधी, पेशवे, सरखेल, पाटील: मराठेशाहीतल्या पदव्या आणि त्यांचा मान (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गडावर गेलो, लग्नाला गेलो, कुठेही गेलो की हे प्रश्न कोणीतरी विचारतंच, त्यामुळे एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मी मोडी शिकलो तेव्हापासून जुनी पत्रं वाचायचा नाद आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली की नुसती पदवी ऐकून कोण मोठा ते ठरत नाही, ती कोणी दिली, कोणाच्या शिक्क्यात कोणाचं नाव आधी येतं आणि कोण कोणाला मुजरा करतं हे बघावं लागतं. खाली जागोजागी तेच दिसेल.

राजा, महाराजा, छत्रपती. तिन्ही एकच ना?

नाही. राजा ही पदवी त्या काळात दुसऱ्याकडून मिळायचीसुद्धा. औरंगजेबाने 1668 मध्ये शिवाजी महाराजांना राजा म्हणून मान्यता दिली होती, पण बादशहाने दिलेलं म्हणजे बादशहा वर आणि घेणारा खाली हे त्यात आलंच. 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला तो याच्यासाठीच महत्त्वाचा आहे. तिथे कोणी वरचा नव्हता. गागाभट्टांनी विधी केला, महाराज 'क्षत्रियकुलावतंस सिंहासनाधीश्वर' झाले, छत्र धरलं गेलं आणि राज्याभिषेक शक नावाची स्वतःची कालगणना सुरू झाली. छत्रपती म्हणजे ज्याच्या डोक्यावर छत्र आहे आणि ज्याच्यावर दुसऱ्या कोणाचं छत्र नाही असा. म्हणून या शब्दाची बरोबरी कोणी दिलेल्या महाराजा पदवीशी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे ब्रिटिशांच्या काळात महाराजा ही पदवी सरकारी कागदाने मिळायला लागली, तेव्हा तर फरक अजून मोठा झाला.

मग छत्रपतींच्या गाद्या दोन कशा?

शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, 1708 मध्ये साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला, आणि दुसरीकडे ताराबाईंनी पन्हाळा कोल्हापूरकडे वेगळी गादी चालवली. भांडण बरीच वर्षं चाललं. 1731 च्या वारणेच्या तहाने हद्दी ठरल्या आणि दोन्ही गाद्या मान्य झाल्या. दोघेही छत्रपती. तंजावरला शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांचा वंश होता, तेही भोसलेच, पण ती गादी वेगळी, रायगडच्या सिंहासनाची नव्हे.

आग्र्याला महाराज दरबारात नेमके कशावरून चिडले होते?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण इथे पदवी आणि दर्जा एकदम डोळ्यासमोर उभा राहतो. मोगलांकडे मनसबदारी होती, म्हणजे प्रत्येकाचा दर्जा आकड्यात, हजारी, पंचहजारी, सातहजारी, आणि दरबारात कोणी कुठल्या रांगेत उभं राहायचं ते त्या आकड्यावर. 1665 च्या पुरंदरच्या तहात संभाजीराजांना पंचहजारी मनसब मिळाली होती, तेव्हा ते आठ वर्षांचे. आणि 12 मे 1666 ला आग्र्याच्या दरबारात खुद्द महाराजांना पंचहजारींच्या रांगेत नेऊन उभं केलं, पुढे मोगलांचा सरदार जसवंतसिंह राठोडची पाठ. म्हणजे जी जागा पोराला दिली तीच बापाला, आणि ज्याच्या फौजेची पाठ महाराजांच्या माणसांनी पाहिली होती तो पुढे. रांग बघितल्यावर बादशहा आपल्याला काय समजतो ते कळायला दुसरं काही लागत नव्हतं. महाराज तिथेच मोठ्याने बोलले आणि रांग सोडून गेले.

अष्टप्रधानांत सगळे सारख्या दर्जाचे होते का?

सारखे नाही, पण आज वाटतं तेवढं अंतर पण नव्हतं. वरच्या जागी मुख्य प्रधान म्हणजे पेशवा, मोरोपंत पिंगळे. मग अमात्य (जुनं नाव मुजुमदार), सचिव (सुरनीस), मंत्री (वाकेनवीस), सेनापती (सरनोबत), सुमंत (डबीर), न्यायाधीश आणि पंडितराव. कंसातली नावं मुसलमानी राजवटीतली, अभिषेकाच्या सुमारास ती बदलून संस्कृत नावं आणली. पगार मुख्य प्रधानाला वर्षाला 15,000 होन (सोन्याचं नाणं), अमात्याला 12,000 आणि बाकीच्यांना 10,000 असा सांगितला जातो, त्यावरून क्रम लक्षात येतो.

बखरीत अभिषेकाचं वर्णन आहे त्यातही एक क्रम दिसतो, फक्त तिथे सेनापती अमात्याच्या आधी येतो. पूर्वेला मुख्य प्रधान सोन्याच्या कलशात तूप घेऊन, दक्षिणेला सेनापती हंबीरराव चांदीच्या कलशात दूध घेऊन, पश्चिमेला अमात्य तांब्याच्या कलशात दही घेऊन आणि उत्तरेला मातीच्या कलशात मध. सोनं, चांदी, तांबं, माती.

आणि हे लक्षात ठेवा की शिवाजी महाराजांच्या वेळी ही पदं बापाकडून मुलाकडे आपोआप जात नव्हती, काम नीट केलं नाही तर पद जायचं. न्यायाधीश आणि पंडितराव सोडले तर बाकीच्यांना मोहिमेवर पण जावं लागायचं. वंशपरंपरा नंतर शिरली, आणि तिथून पुढचं बरंच बिघडलं असं मला वाटतं.

पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ ना?

भट घराण्यातला पहिला. पेशवा हा मूळ फारसी शब्द, पुढे असणारा असा अर्थ, दख्खनच्या सुलतानांकडेही पेशवे असायचे. शिवाजी महाराजांचे सुरुवातीचे पेशवे शामराजपंत रांझेकर, नंतर मोरोपंत, आणि असं करत करत 1713 मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. त्याआधी त्यांना 'सेनाकर्ते' अशी पदवी होती, म्हणजे सेना उभी करणारा. शाहू महाराजांकडे तेव्हा माणसं टिकत नव्हती, सरदार आज इकडे उद्या तिकडे, अशा वेळी ज्याने फौज जमवून दिली त्याला ही पदवी मिळाली, म्हणजे नुसती शोभेची नव्हती.

प्रतिनिधी पेशव्यांपेक्षा मोठे होते असं ऐकलं, खरं का?

खरं आहे आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. राजाराम महाराज तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यावर गेले तेव्हा राज्य दोन ठिकाणी चालत होतं, तिकडे प्रल्हाद निराजींसाठी प्रतिनिधी हे नवीन पद काढलं, म्हणजे साक्षात राजाच्या जागी उभा असलेला माणूस, त्यामुळे ते अष्टप्रधानांच्या वर गेलं. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपनाह' केलं, तेही जवळपास राजाच्याच अधिकाराने कारभार बघत होते. संकट मोठं होतं म्हणून पदं मोठी काढावी लागली.

शाहू महाराजांच्या दरबारात श्रीपतराव प्रतिनिधी आणि बाजीराव पेशवे यांचं पटत नव्हतं, उत्तरेत जायचं की आधी इकडचं सावरायचं यावर त्यांचे वाद व्हायचे. कागदावर प्रतिनिधी वरचे, पण रणात बाजीराव जिंकत गेले आणि वजन तिकडे सरकलं. पद तेच राहतं आणि जोर दुसरीकडे जातो याचं याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी मराठेशाहीत सापडत नाही. प्रतिनिधींचं घराणं पुढे औंध आणि विशाळगडला राहिलं, सचिवांचं भोरला, अमात्यांचं बावड्याला. म्हणूनच ती संस्थानिक मंडळी पंतप्रतिनिधी, पंतसचिव, पंतअमात्य अशी ओळखली गेली, मूळ हुद्दाच घराण्याचं नाव झाला.

मग पेशवे राजे होते की नव्हते? पुण्यात तर सगळं त्यांचंच चालायचं.

राजे नव्हते. सत्ता त्यांच्या हातात होती हे खरं, 1749 मध्ये शाहू महाराज गेले आणि 1750 च्या सांगोल्याच्या करारानंतर कारभार पूर्णपणे पुण्याला आला, सातारकर छत्रपतींना फार मोकळीक राहिली नाही, आणि ते वाईटच झालं. पण पद काय होतं? प्रधान. शिक्का बघा: 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान' हे आधी आणि मग 'बाजीराव बल्लाळ प्रधान'. राजाचं नाव वर, आपलं खाली.

पेशवेपदाची वस्त्रं (पद दिल्याची खूण म्हणून छत्रपतींनी दिलेला पोशाख) साताऱ्याहून आल्याशिवाय कोणी पेशवा होत नसे. थोरले माधवराव 1761 मध्ये वस्त्रं घ्यायला साताऱ्याला गेले. सवाई माधवराव तर 1774 मध्ये चाळीस दिवसांचं बाळ होते तरी त्यांच्यासाठी वस्त्रं साताऱ्याहूनच आणली, कारण त्याशिवाय बारभाईंच्या (नाना फडणवीस वगैरे कारभारी मंडळींच्या) कारभाराला आधार राहिला नसता. दुसऱ्या बाजीरावापर्यंत ही रीत चालू होती. जो स्वतः राजा असतो त्याला दुसऱ्याकडून वस्त्रं लागत नाहीत, एवढं साधं आहे. त्यामुळे 'पेशवे राजे' असं कोणी लिहिलं की मी तिथे दुरुस्ती सुचवतो. त्यांच्यासाठी वापरायचे ते 'श्रीमंत' आणि 'पंतप्रधान'. हो, आज आपण दिल्लीतल्या पदाला जो शब्द वापरतो तोच.

'सवाई' म्हणजे काय?

सव्वा. म्हणजे एकापेक्षा पावपट जास्त. जयपूरच्या जयसिंहामुळे प्रसिद्ध झालेली पदवी, आपल्याकडे सवाई माधवराव.

सेनापती, सेनाखासखेल, सेनासाहेबसुभा, सरलष्कर... हे सगळे एकाच कामाचे का?

सगळे लष्करी, पण एक नाहीत. सेनापती हे अष्टप्रधानातलं पद, जुनं नाव सरनोबत (गडावर पण एक सरनोबत असायचा, तो वेगळा आणि खूप लहान). संताजी घोरपडे, धनाजी जाधव हे राजाराम महाराजांच्या काळातले सेनापती, नंतर हे पद तळेगावच्या दाभाड्यांकडे आलं. सेनापती आणि पेशवा दोघेही छत्रपतींचे प्रधान, त्यामुळे सेनापतीने पेशव्याचा हुकूम का मानायचा हा खरा प्रश्न होता, आणि गुजरातच्या वसुलीवरून तो पेटला. 1 एप्रिल 1731 ला डभईला त्र्यंबकराव दाभाडे बाजीरावांशी लढताना मारले गेले. छत्रपतींचा सेनापती छत्रपतींच्याच पेशव्याकडून. पुढे शाहू महाराजांनी मध्ये पडून त्र्यंबकरावांच्या आई उमाबाई दाभाड्यांची समजूत घातली, पण दाभाड्यांचं बळ पुन्हा तसं उभं राहिलं नाही, त्यांच्या हाताखालचे गायकवाड मोठे झाले.

त्या गायकवाडांची पदवी 'सेनाखासखेल समशेर बहादूर'. खासखेल म्हणजे राजाचं खास पथक. बडोद्याचे सयाजीराव महाराज एवढे मोठे राजे, पण त्यांच्या लांबलचक नावात शेवटी ही मराठी दरबारची जुनी पदवी होतीच. (बाजीराव मस्तानींचा मुलगा समशेर बहादूर, तो वेगळा, तिथे ते नाव आहे. दोन्हींची गल्लत होते म्हणून सांगितलं.)

सेनासाहेबसुभा नागपूरकर भोसल्यांचं, आधी परसोजी आणि नंतर रघूजी. ते स्वतःला पेशव्यांचे सरदार मानत नव्हते, आपण थेट छत्रपतींचे असं त्यांचं म्हणणं, आणि पदवी बघितली तर त्यांची बाजू चुकीची नाही. सरलष्कर हैबतराव निंबाळकरांकडे होतं. चौघांना एका रांगेत क्रमाने लावा म्हणाल तर सेनापती वर, कारण तो प्रधानमंडळात. बाकी तिघांत तू मोठा का मी मोठा हे कोणाकडे किती फौज आणि किती मुलूख आहे त्यावर ठरायचं.

सरखेल म्हणजे आरमारप्रमुख ना?

व्यवहारात हो. कान्होजी आंग्रे आधी ताराबाईंच्या बाजूला होते, 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहू महाराजांकडे आणलं आणि सरखेल पद कायम केलं. नंतर आंग्रे भावांत फूट पडली तेव्हा बाजीरावांनी 1735 मध्ये काय केलं बघा, संभाजी आंग्रे विजयदुर्गाकडे सरखेल, आणि मानाजी कुलाब्याला 'वजारतमाब'. एका घराण्याला दोन पदव्या, म्हणजे दोघांनाही मान आणि दोघेही वेगळे. भांडण मिटलं, पण एकसंध आरमार गेलं. मला ही फार दुःखाची गोष्ट वाटते.

प्रतापराव, हंबीरराव, चंद्रराव ही नावं का पदव्या?

पदव्या. प्रतापराव गुजरांचं मूळ नाव कुडतोजी, हंबीररावांचं हंसाजी मोहिते. जावळीच्या मोऱ्यांकडे चंद्रराव हा आदिलशाहीतला किताब पिढ्यान्पिढ्या होता, गादीवर बसेल तो चंद्रराव, म्हणून एकच चंद्रराव मोरे शंभर वर्षं जगला असं जुन्या कागदांवरून वाटायला लागतं. धनाजी जाधवांना जयसिंगराव, घोरपडे भावांत संताजी ममलकतमदार, बहिर्जी हिंदुराव, मालोजी अमीरुलउमराव. पवारांना विश्वासराव. पुढे हीच नावं घराण्यात मुलांना ठेवली जायला लागली, म्हणून आज हिंदुराव किंवा हंबीरराव नावाचे काका भेटतात.

शिंदे होळकर नक्की काय होते? सुभेदार की राजे?

होळकर सुभेदार. मल्हारराव होळ गावचे, पराक्रमाने माळव्याचे सुभेदार झाले आणि पत्रांत शेवटपर्यंत 'सुभेदार' हाच मानाचा उल्लेख. राजेपण नंतरचं, यशवंतराव होळकरांनी 1799 मध्ये स्वतःला अभिषेक करवून घेतला, त्यानंतरच्या होळकरांच्या नावामागे महाराजाधिराज राजराजेश्वर लागतं.

शिंद्यांचं सांगायला जास्त आवडेल. महादजी साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे पाटील. दिल्लीच्या बादशहाला त्यांनी हाताखाली घेतलं होतं, तरी लोक त्यांना पाटीलबाबा म्हणायचे आणि त्यांनाही तेच आवडायचं. 1784 मध्ये शाह आलमने पेशव्यांना 'वकील-इ-मुतलक' केलं, म्हणजे बादशहाच्या नावाने सगळा कारभार बघणारा, आणि महादजींना त्यांचा नायब, म्हणजे त्यांच्या वतीने काम बघणारा. खरा कारभार महादजींचा, पण मोठी पदवी त्यांनी मालकाच्या नावावर घेतली. 1792 मध्ये ती वस्त्रं घेऊन ते पुण्याला आले. तेव्हाची गोष्ट सांगतात की ते हत्तीवरून लांबच उतरले, दरबारात सगळ्यांच्या खाली बसले आणि बगलेतून नवे जोडे काढून सवाई माधवरावांच्या पायाशी ठेवले, आमच्या बापाचं काम हेच म्हणून, कारण राणोजी शिंदे एकेकाळी पेशव्यांचे जोडे सांभाळायचे. नाना फडणवीसांना धाक दाखवायचा होता असं काही जण म्हणतात. असेल. पण ज्याच्या मागे डी बॉयन या युरोपियन सेनानीची कवायती पलटणं उभी आहेत त्याने असं वागणं, याचा समोरच्यावर काय परिणाम झाला असेल.

नाईक, हवालदार, सुभेदार हे एवढे मोठे शब्द, मग आज सैन्यात खालच्या रँकला कसे?

शब्दांची किंमत काळानुसार बदलते. फलटणचे नाईक निंबाळकर म्हणजे शिवाजी महाराजांच्या आधीपासूनचं राजघराणं, सईबाई तिथल्याच. पण शिवाजी महाराजांच्या पायदळात नाईक हा नऊ दहा माणसांवरचा. घोडदळात 25 बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. गडावर मात्र हवालदार म्हणजे गडाचा मुख्य, किल्ल्या त्याच्याकडे. म्हणजे एकाच काळात एकच शब्द दोन ठिकाणी दोन किमतीचा. सुभेदाराचं तसंच, निजामसुद्धा कागदोपत्री दख्खनचा सुभेदारच होता. कंपनी सरकारने हे शब्द देशी शिपायांच्या रँकला लावले, त्यांच्यावर गोरे अधिकारी, म्हणून ते खाली आले. तेच अजून चालू आहे.

देशमुख, पाटील, इनामदार, सरदार यांत मोठा कोण?

पाटील गावचा, देशमुख परगण्याचा, सरदेशमुख त्याच्याही वर. पाटलाच्या जोडीला हिशोबाला कुलकर्णी, देशमुखाच्या जोडीला देशपांडे. कोकण आणि कर्नाटकाकडे देशमुखाच्या जागी देसाई. हे सगळे वतनदार, म्हणजे पिढीजात हक्क. राजे बदलले तरी गावात हेच असायचे. सरदार ही गोष्ट वेगळी, त्याला फौज ठेवायला मुलूख लावून द्यायचे त्याला सरंजाम म्हणतात, नोकरी गेली की सरंजाम जायला पाहिजे असा नियम. इनाम म्हणजे साऱ्याशिवाय दिलेली जमीन, म्हणून इनामदार श्रीमंत असेल पण त्याच्याकडे अधिकार असेलच असं नाही. शिवाजी महाराज शक्यतो रोख पगार द्यायचे, वतनदारांचे वाडे हुडे (बुरूज) पाडले, कारण वतनदार माजला की रयतेला पिळतो हे त्यांनी बघितलं होतं. राजाराम महाराजांच्या काळात मोगलही वतनं देऊन माणसं फोडत होते, मग इकडूनही द्यावी लागली.

गावातला मान लहान समजू नका. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीला पहिली पोळी कोणाची, विडा आधी कोणाला, यावरून पिढ्यान्पिढ्या वाद चाललेले कागदात सापडतात. वतन विकता पण यायचं, निमी पाटीलकी विकल्याचे कागद आहेत. मग दोन पाटील आणि मानाची वाटणी कलमवार लिहून.

आमचं आडनाव देशमुख (किंवा राजे, सरदेसाई, चिटणीस) आहे, म्हणजे आम्ही सरदार घराण्यातले का?

असालही, पण आडनावावरून कळत नाही. देशमुखी मराठ्यांकडे होती, ब्राह्मणांकडे, कायस्थ प्रभूंकडे, अजूनही समाजांकडे होती. एकेका परगण्याचा एक देशमुख आणि त्याच्या भाऊबंदांची शेकडो घरं, ती सगळी आज देशमुख. आणि 'नीस' असलेली आडनावं म्हणजे नवीस, लिहिणारा. चिटणीस पत्रं लिहिणार, पारसनीस फारसी पत्रव्यवहार बघणार, सबनीस हजेरी हिशोब, पोतनीस खजिना. हे हुद्दे आहेत, आणि लेखणीचे हुद्दे कमी मानायचं कारण नाही, शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचं अक्षर नसतं तर आपल्या हातात आज काय राहिलं असतं.

बायकांना पदव्या होत्या का?

होत्या, आणि नुसत्या नवऱ्यामुळे आलेल्या नाहीत. येसूबाईंना संभाजी महाराजांनी स्वतंत्र शिक्का दिला होता, 'श्री सखी राज्ञी जयति'. ज्याचा शिक्का त्याचा अधिकार, त्यामुळे महाराणी या शब्दापेक्षा मला तो शिक्का मोठा वाटतो. जिजाबाई आणि अहिल्याबाई मातोश्री. अहिल्याबाईंचं 'पुण्यश्लोक' तर लोकांनी दिलेलं, ते कुठल्या दरबारातून आलेलं नाही.

पत्राच्या मायन्यावरून (सुरुवातीच्या संबोधनावरून) दर्जा कळतो म्हणतात, तो कसा?

छत्रपतींचं पत्र 'स्वस्ति श्री राज्याभिषेक शके' असं सुरू होतं आणि मायना संपतो 'आज्ञा केली ऐसीजे' वर. विनंती नाही, आज्ञा. खालून वर जाणारं पत्र 'सेवेशी', 'विज्ञापना'. पेशव्यांनी सरदाराला लिहिलं तर 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' आणि 'गोसावी यांसी', मग 'सेवक बाळाजी बाजीराव प्रधान नमस्कार'. बघा, पेशवा होळकरांना लिहिताना पण सेवक लिहितो, म्हणजे दोघेही छत्रपतींचे चाकर ही आठवण मायन्यातच. त्याच्याही खालच्याला फक्त 'मशहुरुल अनाम'. एकाच माणसाला दहा वर्षांत आलेली पत्रं ओळीने लावली आणि नुसते मायने वाचले तरी तो वर चढला का खाली आला ते कळतं. लग्नपत्रिकेतलं रा. रा. म्हणजे राजमान्य राजेश्री, तिथूनच आलेलं.

तोफांच्या सलामीवरून संस्थानांचा क्रम कसा लावायचे?

तो ब्रिटिशांचा हिशोब. व्हाइसरॉयला 31 तोफा, संस्थानिकांत जास्तीत जास्त 21 आणि कमीत कमी 9. बडोदा आणि ग्वाल्हेर 21, कोल्हापूर 19, इंदूर 19 (स्वतःच्या हद्दीत 21), सावंतवाडी आणि सांगली 9, औंध फलटणला सलामीच नाही. म्हणजे छत्रपतींची गादी 19 वर आणि त्यांच्या सेनापतीच्या हाताखालच्यांची 21 वर. इंग्रजांनी आपल्या सोयीने लावलेला क्रम आहे हा, त्याच्यावरून आपल्या इतिहासातला मान ठरवू नये. आणि औंधला एकही तोफ नव्हती, पण 1939 मध्ये तिथल्या पंतप्रतिनिधींनी राज्यकारभार लोकांच्या हातात दिला, ते किती जणांनी केलं?

ड्यूक, अर्ल, व्हिस्काउंट यांच्याशी बरोबरी कशी लावायची?

लावू नका, जुळत नाही. तिकडे ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हिस्काउंट, बॅरन अशी एकच शिडी आहे, आपल्याकडे दरबारी हुद्दा, लष्करी किताब आणि वतन अशा तीन वेगवेगळ्या शिड्या. खरोखर दोन्हीकडचा दुवा बघायचा असेल तर गोव्यात, पेडण्याचे देशप्रभू. त्यांना पोर्तुगालच्या राजाकडून व्हिस्काउंटची पदवी होती. हिंदू घराणं, देशप्रभू हे नाव इकडचं आणि पदवी लिस्बनची.

रावसाहेब, रावबहादूर, नामदार?

इंग्रज सरकारचे. रावसाहेब खालचा, त्यावर रावबहादूर, त्यावर दिवाणबहादूर. नामदार कायदेमंडळाच्या सभासदांना, जसे नामदार गोखले. 'राजर्षी' मात्र यात नाही, ती कोल्हापूरच्या शाहू महाराजांना 1919 मध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रिय समाजाच्या परिषदेने दिली.

आज या पदव्यांना कायद्याने काही अर्थ आहे का?

नाही. राज्यघटनेच्या कलम 18 ने पदव्या बंद झाल्या, 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले. कुलकर्णी आणि परगणा वतनं 1950 च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी 1962 च्या. पोलीस पाटील आहे, पण तो नेमलेला, वतनदार नाही. लोक प्रेमाने महाराज, राजे, राणीसाहेब म्हणतात तो मान मनाचा, आणि त्यात चूक काही नाही.

घरात सांगतात की आम्हाला अमुक किताब होता. खरं का ते कसं बघायचं?

आधी घरातले कागद बघा, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सनद, महजर (गावसभेत झालेल्या निवाड्याचा कागद), वाटणीपत्र काहीतरी निघतं. लॅमिनेट अजिबात करू नका, सेलोटेप लावू नका, सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शिक्का मागच्या बाजूला पण असतो. कागद मोडीत असेल तर वाचणाऱ्याला फोटो पाठवा, मूळ कागद देऊ नका. मग गाव, परगणा आणि पूर्वजांची नावं घेऊन पुण्याच्या पुराभिलेखागारात जा, पेशवे दफ्तर तिथे आहे, कोल्हापूरकडचे असाल तर कोल्हापूरच्या दफ्तरात. सनद सापडली की सगळ्यात आधी तीन गोष्टी बघा: वर कोणाचं नाव आहे, शिक्का कोणाचा आहे, आणि पदवी दिली आहे का नुसती जमीन. नव्वद टक्के घरगुती वाद या तिसऱ्या प्रश्नावर मिटतात असा माझा तरी अनुभव आहे. आणि किताब नाही निघाला, नुसता एखादा पाटलाच्या नांगराच्या निशाणीचा महजर निघाला, तर तोही तितकाच जपा, त्यावर गावातल्या बारा बलुतेदारांच्या निशाण्या असतात आणि कधीकधी तुमच्या शेजाऱ्याच्या पणजोबांची एवढीच खूण जगात शिल्लक असते.